किंडल पेपरव्हाइट: वाचायला झकास, हाताशी धरून काम करायला नाही

खोलीतला दिवा बंद करूनही वाचता यावं म्हणून हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र घेतलं, आणि त्या कामाला ते चोख आहे. पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर येत नाही. जाडजूड कादंबरी झोपून वाचताना मनगट भरून यायचं, ते थांबलं. चार्जिंगची आठवण कित्येक दिवस येत नाही.

मी वाचते ती मुख्यतः कादंबऱ्या आणि प्रवासवर्णनं. आमचे हे विचारतात, "एवढं वाचतेस, त्यातलं करतेस काय?" काही नाही! सिनेमा बघून आलेल्या माणसाला असं कुणी विचारतं का? आवडतं म्हणून वाचते, आणि तेवढ्यासाठी हे यंत्र पैसा वसूल आहे.

ओळींवर खूण करायची सोय मात्र जरा फसवी. बोट ओढलं की ओळ 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसते. पुस्तकातली खूण नंतर पुसली तरी फाइलमधली नोंद तशीच राहते. फाइल फुगत जाते आणि आपण बरंच काही शिकलो असं वाटायला लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या 10 पद्धतींचा आढावा घेतला, त्यात ओळी रंगवणं कमी उपयोगाच्या पद्धतींमध्ये गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतराअंतराने उजळणी करणं वरच्या रांगेत. छान ओळ सापडली की मी खूण करतेच, पण ती हौस. तिला अभ्यास म्हणत नाही.

खरी गोची होते ती करून बघायच्या पुस्तकांची. सायकल दुरुस्तीचं पुस्तक यावर घेतलं होतं. ट्यूब बाहेर काढलेली, पॉलिश पेपरने घासून झालेली, सोल्युशन लावलंय, आता ते किती सुकू द्यायचं ते बघायला पुस्तकाकडे वळावं तर बोटं काळीकुट्ट. कोपराने पडद्याला हात घातला (म्हणजे कोपर घातलं), ते दोन पानं पुढे. 2018 पासूनची मॉडेलं पाण्यात पडली तरी तगतात, म्हणून पुसायची भीती नाही एवढंच. आकृत्याही बारीक आणि काळ्या-पांढऱ्या. यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही, ते त्यासाठी बनलेलंच नाही.

गोष्टीवेल्हाळ माणसाने बेलाशक घ्यावं. शिवण, दुरुस्ती, सुतारकाम असली पुस्तकं मात्र कागदावरच घ्या, जमल्यास स्पायरलची, म्हणजे टेबलावर आपोआप उघडी राहतात.