मॅस्टोडॉन, आठ महिन्यांनंतर (मालवणातून)

सोशल मीडियाचा मोठा प्लॅटफॉर्म मी जानेवारीत सोडला आणि मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर आलो. कोणता सोडला, ते मुद्दाम लिहीत नाही. निमित्त एका फोटोचं. भावाच्या होडीतून रात्री काढलेला. अलीकडे मिट्ट काळोख आणि पलीकडे एलईडीवाल्या बोटींचा असा लखलखाट की तिथे जत्राच भरलीय म्हणावं. एलईडी मासेमारीवर, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर, केंद्राची बंदी २०१७ पासूनची. फोटो नऊ ग्रुपांत टाकला, तर पोस्ट ‘स्पॅम’ ठरून सगळीकडून उडाली, वर महिनाभर ग्रुपांत लिहायला मज्जाव. समुद्रातली बंदी राहिली कागदावर, माझ्यावरची दहा मिनिटांत लागू!

तक्रार केली. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीला तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यावा लागायचा. तेराव्या दिवशी ‘निर्णय कायम’ असं एका ओळीचं उत्तर आलं. पुढे सरकारी अपील समितीकडे जायला ३० दिवस असतात. ते आंगणेवाडीची जत्रा, घरातले पाहुणे आणि काजूच्या गडबडीत गेले. चूक माझीच.

एक वकील मित्र म्हणाला, राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, सरकारला बांधतं, कंपनीला नाही. पालघरात २०१२ साली फेसबुकच्या पोस्टीवरून एका मुलीला आणि ती लाइक केली म्हणून दुसरीला पोलिसांनी उचललं होतं. तिथे सरकार होतं, म्हणून दाद मागता आली आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं ६६अ कलमच रद्द केलं. माझ्या ‘स्पॅम’साठी त्या रस्त्याने जाता येत नाही.

मॅस्टोडॉनवर एक मालक नाही, अनेक सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. नियम पटले नाहीत तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी मागेच राहतात. सहसा ५०० अक्षरांची मर्यादा. सुरुवातीला जाच वाटला, आता पाल्हाळ कमी झालाय. पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, त्यामुळे स्क्रोल संपतो. रात्री साडेदहाला फोन खाली ठेवला जातो, हे बायकोचं निरीक्षण.

अडचण माणसांची. मॅस्टोडॉन म्हणजे मूळचा हत्तीसारखा एक नामशेष प्राणी. भाऊ म्हणतो, “तुझो तो हत्ती हय कोणाकडे आसा?” खरंय. गाव व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. तिथे एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं, तरी बातमी बंदरावर माझ्याआधी पोचते.

प्रायव्हसीबद्दल एक नीट सांगतो, कारण नवे लोक इथेच फसतात. मॅस्टोडॉनवरचे खासगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. सर्व्हर चालवणारा मनात आणलं तर वाचू शकतो. खासगी बोलायला मी सिग्नल हे अ‍ॅप वापरतो. पण माझं बिंग एन्क्रिप्शनने फुटलं नव्हतंच. त्या फोटोच्या कोपऱ्यात भावाच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि तिच्यावरचा नंबर स्वच्छ दिसत होता. पोस्ट उडायच्या आत कोणीतरी स्क्रीनशॉट काढून एका बोटमालकाला दाखवला. पुढचे चार दिवस भावाला बर्फ सगळ्यांत शेवटी मिळत होता. कोणी काही बोललं नाही. बांगडा मात्र मऊ पडला.

गेल्या आठवड्यात केरळातल्या एकाने मॅस्टोडॉनवर विचारलं, तुमच्याकडेही रात्री दिवे दिसतात का? तोच फोटो परत टाकला. नाळ कापून.