लायटनिंग लेनचे पैसे कुठे वसूल होतात?

ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डचं तिकीट काढलं की आत जाता येतं. रांग टाळायची तर पैसे वेगळे. 1999 मध्ये सुरू झालेला फास्टपास फुकट होता. 2021 मध्ये माणशी 15 डॉलरचं जिनी प्लस आलं आणि जुलै 2024 पासून त्याच्या जागी लायटनिंग लेन. तिचे प्रकार तीन: मल्टी पास (अनेक राइड्सचा), सिंगल पास (एकाच मोठ्या राइडचा) आणि प्रीमियर पास.

विचार करण्यासारखा खरा मल्टी पासच. दिवस आणि पार्क पाहून दर बदलतो. साधारण 15 पासून 40 डॉलरच्या आसपास, वर टॅक्स. तीन राइड्सच्या वेळा आधी ठरवून ठेवायच्या, प्रत्येक वेळ तासाभराची. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी अख्ख्या मुक्कामाचं बुकिंग करता येतं, बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. त्यामुळे स्लिंकी डॉगसारख्या राइडच्या चांगल्या वेळा बाहेरच्यांच्या हाती फारशा लागत नाहीत. बुकिंग फ्लोरिडाच्या सकाळी सातला उघडतं, म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. पुण्यात बसून बुकिंग करणाऱ्याला निदान पहाटे उठावं लागत नाही!

पैसे वाया जातात ते इथे: तिन्ही वेळा संध्याकाळच्या घेतल्या जातात. चौथी राइड तेव्हाच बुक होते, जेव्हा तिघांपैकी एक वापरली जाते किंवा तिची वेळ उलटून जाते. पाच, सहा आणि सातच्या वेळा घेतल्या तर दुपारभर पास असून नसल्यासारखा. पहिली वेळ नऊ-दहाची घ्यावी, राइडच्या गेटवर स्कॅन झालं की रांगेत चालता चालताच पुढची बुक करावी. मग संध्याकाळपर्यंत सात-आठ राइड्स होऊ शकतात. नको ती वेळ मिळाली तरी ॲपमध्ये ती बदलता येते, आणि लोक सतत रद्द करत असल्याने अधूनमधून डोकावलं की लवकरची मिळून जाते. एक राइड मात्र दिवसात एकदाच.

मॅजिक किंग्डम या पार्कमध्ये मल्टी पास घ्यावाच. तिथे राइड्स भरपूर, आणि पीटर पॅनची रांग तर उगाच लांब: एका नावेत दोन-तीनच माणसं बसतात आणि उंचीची अट नसल्याने सगळं कुटुंब रांगेत असतं. ॲनिमल किंग्डम या पार्कमध्ये मोजक्याच मोठ्या राइड्स असल्याने घेऊ नये. तिथे गेट उघडताच सफारीला जावं, एव्हरेस्ट राइडला सिंगल रायडरची (एकट्याने बसणाऱ्यांची) रांग धरावी आणि फार तर फ्लाइट ऑफ पॅसेजचा सिंगल पास काढावा. सिंगल पास दिवसाला दोनच मिळतात. ट्रॉन आणि राइज ऑफ द रेझिस्टन्स या दुसऱ्या पार्कांतल्या राइड्ससाठी ते पैसे खटकत नाहीत.

प्रीमियर पासला वेळ ठरवायची भानगड नाही, पण तो एकाच पार्कचा आणि प्रत्येक राइडला एकदाच. 2024 मध्ये तो आला तेव्हा मॅजिक किंग्डमचा दर माणशी 329 ते 449 डॉलर होता. गर्दीच्या दिवशी चौघांचे जवळपास 1,800 डॉलर, प्रवेशाचं तिकीट वेगळंच. मल्टी पास आणि दोन सिंगल पास घेऊन तेच काम पाव खर्चात होतं. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि फोनमध्ये डोकं घालायचं नाही, त्यांनीच हा विचार करावा.

आई-बाबा भारतातून आले असतील तर सगळ्यांसाठी पास घेण्याची सक्ती नाही. जे राइडवर बसणार त्यांचाच घ्यावा. लहान मुलाची उंची कमी पडत असेल (ट्रॉनला 122 सेंटिमीटर, स्लिंकी डॉगला 97) तर प्रवेशापाशी रायडर स्विच मागावं. एक पालक मुलाबरोबर थांबतो, दुसरा उतरला की पहिल्याला लायटनिंग लेनने आत सोडतात, आणि याला पैसे लागत नाहीत.

तुमच्या वेळेतच राइड बंद पडली तर मल्टी पासचे पैसे परत मिळत नाहीत. त्याच्या बदल्यात त्याच दिवशी दुसऱ्या राइडला चालणारा पास मिळतो. उन्हाळ्यातल्या दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स हमखास थांबतात, म्हणून त्या सकाळीच उरकाव्यात. भारतीय कार्डाने भरणार असाल तर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा आणि सगळ्यांची तिकिटं डिस्नेच्या ॲपमध्ये जोडून घ्या. सातच्या ठोक्याला पेमेंट अडकलं तर दहा मिनिटांत सकाळच्या वेळा हातच्या जातात.