घामाचा सेन्सर की नाडीचं घड्याळ?

फोंड्याच्या एका आईचा प्रश्न: ऑटिस्टिक मुलाचा ताण वेळीच कळावा म्हणून यातलं काय घ्यावं?

घामाचा सेन्सर त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे तिच्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजतो; घामाने ती वाढते. ताणाने घामग्रंथी जाग्या होतात हे खरं, पण मे महिन्यात गोव्यात नुसतं बसलं तरी मनगट ओलं होतं. नाडी तर धावल्यानेही वाढते. भीती की आनंद, हे दोन्ही सांगत नाहीत. ‘भावना ओळखतो’ ही जाहिरात विसरा.

नाडी मोजणारं साधं घड्याळ स्वस्त. सेन्सरचे इलेक्ट्रोड (वाहकता मोजणारे छोटे तुकडे) त्वचेला टेकलेले लागतात. ज्या मुलाला शर्टाचं लेबलही टोचतं, ते हे ओढून काढेल. आधी नुसता पट्टा बांधून बघा, त्याला विचारूनच.

एसी खोलीतली थेरपी आणि नोंदी वाचणारं जाणकार माणूस असेल, तर सेन्सर. शाळा, मैदान, रोजचा वापर असेल, तर मऊ कापडी पट्ट्याचं घड्याळ.