पडक्या हॉस्पिटलातले भूत शोधणारे पिक्चर : दोन बघा, बाकीचे सोडा

कॅमेरा घेऊन भुताच्या मागं लागलेली पाचसहा पोरं, एक बंद पडलेलं हॉस्पिटल, बाहेरून कुलूप आणि एक रात्र, बास, एवढ्यावर पिक्चर होतो आणि असले पिक्चर ढिगानं निघालेत. स्वस्तात का होतात ते उघडच आहे, सेट लावायचा नाही, मोठा हिरो नको, लाइटचा खर्च नाही कारण अंधारच पायजे, आणि फोकस गेला, कॅमेरा हलला तरी कोण बोलणार, स्टोरीतच कॅमेरा घाबरलेल्या माणसाच्या हातात आहे ना. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ तर दिग्दर्शकानं स्वतःच्या घरातच शूट केला, पंधराएक हजार डॉलरमध्ये. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळं मी असले बरेच बघून काढलेत. दुसऱ्याला बघ म्हणून सांगावेत असे दोनच निघाले.

पहिला ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’, २०११ चा, कॅनडातला. टीव्हीवर भुताचा शो करणारी टीम बंद मनोरुग्णालयात स्वतःला कोंडून घेते, केअरटेकर बाहेरून साखळी लावून जातो, उघडणार सकाळी सहाला. शूटिंग ब्रिटिश कोलंबियातल्या रिव्हरव्ह्यू नावाच्या खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात झालंय, म्हणून ते लांबलचक कॉरिडॉर खोटे वाटत नाहीत. मला सगळ्यात जास्त आवडला तो सुरुवातीचा भाग, ज्यात भूत नाहीच. शोचा अँकर लान्स प्रेस्टन तिथल्या माळ्याला गुपचूप पैसे देतो, भूत बघितलं म्हण, आणि माळीबी कॅमेऱ्यासमोर लगेच म्हणून टाकतो. सोबतचा अंगात आल्यासारखं करणारा बाबा कॅमेरा चालू असेस्तोवर लय गंभीर, कट म्हटलं की एकदम नॉर्मल. असली माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत, त्यामुळं हे सीन लगेच पटतात.

मग घड्याळात सकाळ होऊन जाते आणि बाहेर अंधारच. मेन दरवाजा फोडतात तर पलीकडं अंगण नाही, अजून एक कॉरिडॉर! गच्चीचा जिना चढावा तर वर भिंत. या आयडियेला खर्च काय आला असेल सांगा, आणि पिक्चरमध्ये खरी भीती वाटते ती इथंच. उलट तोंड ताणलेलं भूत कॅमेऱ्यावर धावून येतं तेव्हा मला हसू आलं, कॉम्प्युटरवर केलेलं लगेच कळतं. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्याच्या नादी लागू नका.

दुसरा ‘गोंजियाम’, २०१८ चा, कोरियाचा, दिग्दर्शक जंग बम-शिक, आणि हा पहिल्यापेक्षा उजवाय. इथं टीव्ही नाही, लाइव्ह स्ट्रीम आहे. टीमचा कॅप्टन बाहेर तंबूत स्क्रीनसमोर, बाकीची पोरं आत, टार्गेट दहा लाख व्ह्यूज, कारण जाहिरातीचे पैसे त्यावर. प्रत्येकाच्या अंगावर दोन कॅमेरे, एक समोरचं दाखवतो आणि एक त्याचंच तोंड, म्हणजे पळणारा काय बघतोय आणि बघून त्याचं काय होतंय दोन्ही दिसतं. बरंचसं शूटिंग ॲक्टर लोकांनीच केलंय. आतली पोरं रडकुंडीला येतात, कुणाला बाहेर पडायचंय, आणि तंबूतला माणूस आकडा वाढतोय म्हणून सोडायला तयार नाही. हॉस्पिटलात कुणालाच न उघडणारी ४०२ नंबरची खोली आहे, मला तिच्यापेक्षा या माणसाची जास्त भीती वाटली राव. मधे एक सीन आहे, आवाज नाही, म्युझिक नाही, फक्त एक तोंड, त्याच्याबद्दल काय सांगत नाही.

यातलं हॉस्पिटल खरंच होतं. १९९६ ला बंद पडलं आणि २०१२ मध्ये सीएनएन या अमेरिकन न्यूज चॅनेलच्या भयानक जागांच्या यादीत आल्यावर जगभर गाजलं. पेशंट मेले, मालकानं जीव दिला, काय काय कहाण्या. बंद पडायचं कारण म्हणून सांगतात ते मात्र सांडपाण्याची नीट सोय नव्हती म्हणून, म्हणजे गटार! पिक्चर तिथं शूट झालाच नाही, बुसानमधल्या एका बंद शाळेत झाला. तरी त्या हॉस्पिटलच्या जागेचा मालक कोर्टात गेला होता, कोर्टानं काय रिलीज थांबवलं नाही, आणि त्याच वर्षी हॉस्पिटलची बिल्डिंगबी पाडली.

आपल्याकडं सोलापुरातल्या बंद कापडगिरण्या बघा, जुनी मिल घ्या, लक्ष्मी-विष्णू घ्या. कशा बंद पडल्या हे ज्यांच्या घरातला माणूस तिथं साच्यावर उभा राहायचा त्यांना विचारा, देणी, पगार, संप सगळं सांगतील, त्यात भूत कुठंच येत नाही. पण पडकी भिंत दिसली की मोबाईल घेऊन पोरं हजर, आणि रीलमध्ये पहिलं वाक्य ‘इथं रात्री कोणी येत नाही’. अरे दिवसा तरी कोण येतंय, कुलूप आहे ना गेटला. गोंजियामचा तो कॅप्टन मला म्हणूनच अजिबात परका वाटला नाही. मिलमध्ये असा एखादा मराठी पिक्चर कुणीतरी काढायला पायजे, भोंग्याचा नीट वापर केला तर म्युझिकचाबी खर्च वाचेल.

भूत शोधायच्या यंत्रांबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण प्रत्येक पिक्चरमध्ये ती असतातच. लाल-हिरवे दिवे लागणारं मीटर असतं ना, ते विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं, वायरिंग किंवा मोबाईल जवळ नेला तरी लुकलुकतं. स्पिरिट बॉक्स म्हणजे रेडिओची स्टेशनं पटापट फिरवणारा डबा, त्यातून तुटके शब्द येणारच की. हलक्या पिक्चरमध्ये हे दिवे लागले की सगळे एकदम किंचाळतात आणि तेच दीड तास चालतं.

गोंजियाम सबटायटल लावून, हेडफोन घालून, एकट्यानं बघा, पहिली पंधरावीस मिनिटं पोरांची मस्ती चालते ती सहन करा. ग्रेव्ह एन्काउंटर्सला मित्र गोळा केले तरी चालेल, हसायलाबी मिळतं. हलत्या कॅमेऱ्यानं ज्यांना गरगरतं त्यांनी दोन्ही जेवणाआधी उरका. पाचपैकी गोंजियामला चार, ग्रेव्हला तीन, आणि तेबी त्या माळ्यामुळं.