गोडोचं डॉक्युमेंटेशन: आधी मॅन्युअल की क्लास रेफरन्स?

धरमपेठेत जमणाऱ्या आमच्या नागपुरी पोट्ट्यांना गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या डॉक्युमेंटेशनला हातभार लावायचाय, पण सुरुवात कुठून करायची?

मॅन्युअल, म्हणजे समजावून सांगणारे लेख, सोपं. वेगळी रेपो (फाइली ठेवायची सामायिक जागा), साधा मजकूर, ब्राउझरमधूनच दुरुस्ती पाठवता येते. क्लास रेफरन्स, म्हणजे इंजिनमधल्या प्रत्येक क्लासची आणि त्यातल्या फंक्शनांची नोंद, मात्र इंजिनच्याच रेपोत, एक्सएमएल (टॅगांच्या चौकटीत लिहिलेल्या) फाइलींमध्ये असतो. संकेतस्थळावरची त्याची पानं आपोआप तयार होतात, थेट त्यांत केलेला बदल टिकत नाही.

तरी माझं मत रेफरन्सलाच. एडिटरमध्ये एफ१ दाबून शोधलं की तोच समोर येतो, नेट नसलं तरी. गेममधलं पात्र हलवणारं 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन बघा: तिसऱ्या आवृत्तीत वेग कंसात द्यायचा, चौथीत आधी 'व्हेलॉसिटी'त ठेवायचा आणि कंस रिकामा. एवढं नेमकं लिहिलेलं असलं की नवख्याची अख्खी संध्याकाळ वाचते.

एक्सएमएलची धास्ती असेल त्याने मॅन्युअलमधले जुने स्क्रीनशॉट आधी बदलावेत.