त्सुबाकीचं तेल: तोक्योतला एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते. कोरड्या अंगासाठी त्सुबाकीचं, म्हणजे जपानी कॅमेलियाच्या बियांचं तेल मला मनापासून आवडलंय आणि बाटली संपली की पुन्हा आणणार आहे. मात्र ‘पारंपरिक जपानी तेल-मालिश’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं तेल वेगळं बघा आणि मालिश वेगळी बघा. दोन्ही जपानी, दोन्ही जुन्या, पण त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध कधी नव्हता.

आम्ही तोक्योत, निशी-कासाईला राहतो. इथला हिवाळा थंडीपेक्षा कोरडेपणाने छळतो. वायव्येचं वारं जपान समुद्रावरून बाष्प घेऊन येतं, ते सगळं पलीकडे निइगाताच्या बाजूला बर्फ होऊन पडतं, आणि डोंगर ओलांडून आमच्या बाजूच्या, तोक्योभोवतीच्या कांतोच्या मैदानात उतरतं ते कोरडं ठणठणीत वारं. निरभ्र दुपारी हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात घरात एसीचं गरम वारं. नडगीवरून नख फिरवलं की पांढरी रेघ उमटायची आणि रात्री पांघरुणात शिरलं की पोटऱ्यांना खाज सुटायची.

घरून आणलेलं खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे इथल्या न्हाणीघरात ते बाटलीतून निघेचना. तिळाचं तेल सुपरमार्केटमध्ये ढीगभर मिळतं, पण ते भाजलेल्या तिळाचं. अंगाला लावलं तर दिवसभर फोडणीचा वास येत राहील. (अभ्यंगासाठी हवं असेल तर न भाजलेल्या तिळाचं, ‘ताइहाकु’ नावाने मिळणारं फिकट तेल घ्या. इथल्या मराठी मंडळींना हे आवर्जून सांगते.) त्सुबाकीचं तेल थंडीत गोठत नाही. त्याच्याकडे वळले ती मुळात एवढ्याच कारणाने.

त्सुबाकी म्हणजे ‘कॅमेलिया जापोनिका’, हिवाळ्यात लाल फुलं येणारं, गर्द चकचकीत पानांचं झाड. शरद ऋतूत फळं तडकून बिया खाली पडतात. त्या वाळवायच्या, भरडायच्या, वाफवायच्या आणि दाबून तेल काढायचं. तेलाची नावाजलेली ठिकाणं म्हणजे इझु बेटांमधली ओशिमा आणि तोशिमा, आणि पश्चिमेला नागासाकी प्रांतातली गोतो बेटं. तोशिमा कारभाराने तोक्योतच मोडतं. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास, आणि बेटाचा बहुतेक उतार त्सुबाकीच्या झाडांनी भरलेला. तिथले शेतकरी आधी झाडाखालचं गवत साफ करून ठेवतात आणि मग पडलेल्या बिया हाताने वेचतात. गोतोमध्ये हेच तेल खाण्यातही आहे. तिथले बारीक उदोन (गव्हाच्या शेवया) हाताने ओढताना पिठाला त्सुबाकीचं तेल लावतात.

या तेलात ओलेइक आम्ल साधारण 85 टक्के असतं, ऑलिव्ह तेलापेक्षाही जास्त. त्यामुळे ते हवेत लवकर खवट होत नाही आणि वाळून चिकट थर धरत नाही. जुन्या घरांत लाकडी फण्या याच तेलात मुरवत आणि सुऱ्यांना गंज चढू नये म्हणून हेच तेल पुसत. अंगापेक्षा केसांसाठीच ते जास्त वापरलं गेलं आहे. ओशिमाच्या बायकांच्या लांब काळ्याभोर केसांची कीर्ती या तेलाशीच जोडलेली आहे.

आता वापराबद्दल. आपल्याकडे अभ्यंग आंघोळीच्या आधी: तेल जिरवायचं, उटणं लावायचं, मग कढत पाणी. इथे तो क्रम चालत नाही. जपानी घरात टबातलं पाणी सगळ्यांना एकच असतं, त्यामुळे आधी बाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच आत उतरायचं. तेलकट अंगाने टबात जाणं म्हणजे पुढच्या माणसाचं पाणी खराब करणं. म्हणून मी तेल आंघोळीनंतर लावते, आणि खरा फरक तिथेच पडला. टॉवेलने अंग नुसतं टिपायचं, पुसून कोरडं करायचं नाही. ओलसर तळहातावर तीन-चार थेंब घ्यायचे, हात एकमेकांवर चोळून कोमट करायचे आणि नडगीवर वरून खाली सपाट हाताने दाबत न्यायचे. पाणी आणि तेल मिळून क्षणभर दुधाळ दिसतं, मग दिसेनासं होतं. त्यानंतर पायजमा चढवला तरी चिकटत नाही. कोरड्या अंगाला मात्र हेच तेल नुसतं वर बसून राहतं. तेलात पाणी नसतंच. ते आहे तो ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे आधी ओलावा हवाच.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली. नोव्हेंबर संपता संपता नडगीवरची पांढरी रेघ उमटायची थांबली आणि रात्रीची खाज गेली. कोपरं मऊ झाली. टाचांच्या भेगांवर विशेष परिणाम नाही, तिथे घट्ट मलमच लागतं. केसांना ओल्या टोकांवर दोनच थेंब पुरतात. टाळूला मी लावत नाही, कारण कोंडा असेल तर अशा तेलांवर तो करणारी बुरशी पोसली जाते. चेहऱ्याचा अनुभव चांगला नाही. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या यायला लागल्या, म्हणून चेहऱ्याला लावणं बंद केलं. तेलकट त्वचा असेल तर आधी कानामागे लावून काही दिवस बघा. आणि तान्ह्या बाळाच्या मालिशीला हे तेल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ओलेइक आम्ल जास्त असलेली तेलं नाजूक त्वचेचं वरचं आवरण सैल करू शकतात. इसब असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच लावावं.

मालिशीचा विषय जरा सविस्तर सांगायला हवा. जपानची जुनी मालिश म्हणजे आन्मा. ती कपड्यांवरून करतात, तेल लागत नाही. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) हा धंदा मोठ्या प्रमाणावर अंध लोकांच्या हातात होता. सुगियामा वाइची (1610 ते 1694) हे स्वतः अंध असलेले वैद्य. त्यांनी अंधांसाठी सुईचिकित्सा आणि आन्मा शिकवणाऱ्या शाळा उभ्या केल्या. रात्री शीळ वाजवत गल्लीतून जाणारा आन्मावाला हे त्या काळच्या शहराचं नेहमीचं दृश्य होतं. आजही आन्मा, मसाज आणि शिआत्सु (बोटांनी दाबून करायची मालिश) करण्यासाठी सरकारी परवाना लागतो, 1947 चा कायदा आहे तसा, आणि त्याआधी किमान तीन वर्षांचं शिक्षण.

आमच्या भागातल्या एका परवानाधारक आजोबांकडे मी अधूनमधून जाते. ते पाठीवर तेनुगुई, म्हणजे पातळ सुती पंचा पसरतात आणि त्यावरून अंगठ्याने दाबतात. हात धडाकडून टोकाकडे जातो, खांद्याकडून बोटांकडे. युरोपी मसाजमध्ये तो उलटा, हृदयाकडे येतो. पाठ मोकळी होते, झोप छान लागते. त्वचेचा मात्र तिथे काही संबंध नाही.

याउलट ‘प्राचीन जपानी त्सुबाकी मालिश’ अशी पाटी लावलेल्या एका दुकानात चांगले पैसे मोजले. तेलाला परफ्यूमचा उग्र वास होता, हात युरोपी पद्धतीने फिरत होते, आणि परवान्याबद्दल विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं. इतकी खरी परंपरा हाताशी असताना बनावट विकायचं कशाला? पाटीवर नुसतं ‘रिलॅक्सेशन’ किंवा ‘मोमिहोगुशी’ (अंग चेपून मोकळं करणं) लिहिलेलं असेल, तर तिथे परवाना असेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

जुनं आणि स्वस्त काही करून बघायचं असेल तर नुकाबुकुरो करा. तांदळाचा ताजा कोंडा सुती पिशवीत बांधायचा, कोमट पाण्यात पिळायचा आणि साबणाऐवजी अंगावरून फिरवायचा. उटण्याची सवय असलेल्यांना ते लगेच जमेल. कोंडा मात्र त्याच दिवशी टाकून द्यायचा, नाहीतर आंबूस वास येतो. हिवाळ्यात मी साबण फक्त काखा आणि पावलांना ठेवला, बाकी अंगाला कोंडा आणि वरून तेल. मला वाटतं, निम्मा फायदा साबण कमी केल्याचाच असावा.

एक धोका इथे राहणाऱ्यांसाठी: तेल मुरलेले टॉवेल धुऊनसुद्धा ड्रायरमध्ये घालू नका. कापडात राहिलेलं तेल गरम होऊन आपोआप पेट घेऊ शकतं. कॉइन लॉन्ड्रीतल्या यंत्रांवर तशी सूचना लावलेली असते. मी टॉवेल दोरीवरच वाळवते.

घेताना बाटलीच्या मागचा भाग वाचून घ्या. घटकांमध्ये ‘त्सुबाकी शुशियु’, म्हणजे त्सुबाकीच्या बियांचं तेल, एवढं एकच नाव हवं. कॅमेलियाच्या नावाने चीनमधलं दुसऱ्या जातीचं, तिथे स्वयंपाकात वापरतात ते तेलही मिळतं. ते वाईट नाही, पण त्याला त्सुबाकीचा भाव देऊ नये. औषधांच्या दुकानातलं शुद्ध केलेलं तेल पाण्यासारखं स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. बेटांवरचं कच्चं तेल पिवळसर, सुक्या मेव्यासारख्या वासाचं आणि बरंच महाग. अंगासाठी मला पहिलं पुरेसं वाटतं. छोटी बाटली घ्या, उन्हापासून दूर ठेवा आणि एका हिवाळ्यात संपवा.