ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: गाडी का तापते हे शोधायला किती कामाचा?

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे हजार रुपयांच्या आत मिळणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर, बहुतेक जण ‘चेक इंजिन’चा दिवा घालवायला घेतात. पण तो खरा कामाला येतो गाडी गरम होत असेल तेव्हा. आजकाल कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन गार असताना निळा दिवा, तापलं की लाल. जिथे काटा असतो तिथेही कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ८५ अंश असो की १००, तो बऱ्याचदा मधोमधच उभा. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅनर कूलंटचं तापमान अंशांत दाखवतो, आणि ते कधी चढतं, कधी उतरतं यावरूनच बिघाडाचा माग लागतो.

लावायला काहीच कटकट नाही. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचा, चावी ऑन करा, फोनला जोडा (पिन बहुधा १२३४), टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप उघडा. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ एलई किंवा वायफायचा घ्यावा, साधा चालत नाही. २०१३ च्या आधीची गाडी असेल तर विकत घेण्यापूर्वी कुणाचा तरी लावून बघा. स्क्रीनवर कूलंट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम आणि वेग, एवढंच ठेवा. जास्त आकडे मागितले की स्वस्त स्कॅनर रखडतो.

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. चावी ऑन करून इंजिन चालू न करता बघा: कूलंट आणि हवा, दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. वीसेक अंशांचा फरक दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय. उणे ४० दिसलं तर सेन्सरचा प्लग निघालाय किंवा वायर तुटलीय. मग इंजिन चालू करा. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडतो आणि चढण मंदावते. आकडा ९५ च्या पुढे गेला तरी रेडिएटरचा खालचा होज गारच असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. होज चाचपताना हात फॅनपासून लांब ठेवा.

बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या आसपास फॅन लागतो आणि आकडा चार-पाच अंश खाली येतो. १०५ झाले तरी फॅन गप्प असेल तर एसी लावून बघा. एसीवर फिरला म्हणजे मोटर शाबूत आहे, सेन्सर, रिले किंवा कमी वेगाचा रेझिस्टर तपासायचा. एसीवरही फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि रस्ता मोकळा झाला की गार होणारी गाडी बहुधा इथेच अडकलेली असते, नाहीतर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत माती भरलेली असते.

उलट ट्रॅफिकमध्ये ठीक, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना आकडा वाढत जात असेल तर फॅनला दोष देऊ नका. रेडिएटर आतून क्षार धरून चोंदलाय, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय किंवा वॉटर पंपाची पाती झिजलीत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांत पहिलं कारण फार आढळतं. आकडा झटक्यात वर-खाली होत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकून एअर लॉक झालाय.

आता उणी बाजू, आणि ही मोठी आहे. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली तर सेन्सर वाफेचं किंवा हवेचं तापमान मोजतो. इंजिन भाजत असताना स्क्रीनवर साळसूदपणे ८० दिसू शकतं. म्हणून स्कॅनर लावण्याआधी, इंजिन गार असताना, पातळी बघायचीच. गळतीही त्याला कळत नाही. त्यासाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लागतो: झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बऱ्याच गाड्यांत १.१ बार, हवा भरायची आणि दहा मिनिटं काटा उतरतो का बघायचं. झाकणही त्याच टेस्टरवर तपासून घ्या. पुणे ५६० मीटरवर आहे, इथे उघड्यावर साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. दाब धरणारं झाकण आणि ५०:५० कूलंट हेच त्याला थोपवून धरतात. हेड गॅसकेटचं (सिलिंडरमधला गॅस आणि कूलंट वेगळे ठेवणाऱ्या सीलचं) निदानही स्कॅनरच्या आवाक्याबाहेरचं. गार इंजिन चालू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टरची चाचणी मागा. पेट्रोल गाडीत जळालेला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर टेस्टरमधलं निळं द्रव पिवळं पडतं.

तरीही घ्या, असंच सांगेन. काही गॅरेजमध्ये गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ बिघाड तसाच. अशा गाडीत हायवेवर आकडा ७० च्या आसपास रेंगाळतो आणि पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही) हा कोड येऊ शकतो. जुनी गाडी विकत घेतानाही एवढं जरूर बघा.

काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. सोळाव्या पिनला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.